खोपोलीचा मिस्त्री

भारतमाता सिनेमाजवळचा सिग्नल सुटला, मी क्लच सोडला आणि माझ्या यामाहाने सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज केला. मागच्या टॅक्सीवाल्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. शेजारच्या बसमधले एक गृहस्थ खिडकीतून वाकून पाहू लागले आणि मी खाली पाहिले, तेव्हा स्पार्क प्लग इंजिनच्या हेडमधून निघून आपल्या काळ्या रबरी टोपीसकट वायरला लोंबकळत होता. प्लगच्या जागी भोक, भोकातून निघणारी निळसर धुराची रेघ, आणि जळक्या टू-टी ऑइलचा तो वास, जो एरवी माझा लाडका आहे. ही आरएक्स १०० मोटरसायकल शंभर किलोंच्या आसपास भरते, ढकलायला जड नाही; पण मे महिन्यातल्या रविवारी सकाळी अकरा वाजता, बाजाराच्या पिशव्या घेऊन निघालेल्या माणसांच्या गर्दीतून, हेल्मेट कोपरात अडकवून ती ढकलताना वजनाचा हिशेब किलोंत राहत नाही. लालबागच्या एका गल्लीत माझ्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत. त्यांचा गाळा एवढासा, बाकीचे सगळे गॅरेज फुटपाथवर. तिथपर्यंत पोहोचलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

मिस्त्रींनी हातातला चहा आधी संपवला आणि मगच ते उठले. बॅटरीचा झोत भोकात टाकून त्यांनी करंगळी आत फिरवली. बाहेर आलेल्या नखावर ॲल्युमिनियमचा एक चकचकीत, स्प्रिंगसारखा वळलेला कीस होता, प्लग ज्यांत पिळून बसतो त्या आट्यांचा. तो त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर धरला. "आटे गेले. शेवटचा प्लग कुणी लावला?"

"खोपोलीला," मी म्हणालो. "रस्त्यातल्या एका गॅरेजमध्ये बदलून घेतला होता."

त्या वर्षात मी खोपोलीला गेलोच नव्हतो.

पुढची पाच मिनिटे मिस्त्रींनी त्या खोपोलीच्या मिस्त्रीचा जो उद्धार केला, तो इथे लिहिण्यासारखा नाही. त्यांच्या हाताखाली एकोणीस-वीस वर्षांचा एक पोरगा आहे, पाटणकडचा, दीडेक वर्षापासून काम शिकतो आहे आणि लालबागेतल्या या अस्सल कणकवलीकराला गॅरेजच्या रिवाजाप्रमाणे 'उस्ताद' म्हणतो. त्याला हाक मारून मिस्त्रींनी भोक दाखवले. "हात घाल. कळलं? असं केलंस ना, तर पाना हिसकावून घेईन." पोराने बोट घातले आणि त्याचा चेहरा इतका गंभीर झाला की जणू ते त्याच्याच हातून झाले होते. त्याने मान खाली घालून ऐकून घेतले. मी शेजारी उभा राहून मान डोलावत होतो.

काम मिस्त्रींनी नेहमीच्या टापटिपीने केले. हेडचे चारही नट एकेक करून पुरते न काढता, समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करत आणले, हेड उचलले आणि पोराबरोबर लेथवाल्याकडे पाठवले. भोक मोठे करून त्यात नवे आटे पाडायचे, बाहेरून आटे असलेला बुश त्यात बसवायचा आणि त्या बुशाच्या आत प्लगचे आटे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गेलो तेव्हा मिस्त्री बोटाने हेडची आतली बाजू चाचपून पाहत होते. बुशाची कड आत जरा जरी पुढे राहिली, तरी ती तापून लाल होते आणि ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवू लागते, हे त्यांनी पोराला सांगितले, मला नाही. नवे गॅस्केट घालून नट पुन्हा समोरासमोर आवळले, किक मारली, गाडी पहिल्या किकला उठली. मी पैसे दिले. माझ्या मानाने जरा जास्तच दिले, आणि ते का दिले हे मला देतानाच ठाऊक होते.

खरी हकीकत अशी की तो प्लग मी स्वतः, त्याच रविवारी सकाळी, नायगावातल्या आमच्या इमारतीखाली लावला होता. पार्किंगमध्ये गाडीचे काम करू नये अशी सूचना सोसायटीच्या फळ्यावर आहे, त्यामुळे माझी सगळी दुरुस्ती सेक्रेटरी उठण्याच्या आत उरकावी लागते. आधी गाडी गरम करून घेतली होती, कारण त्याच सकाळी गिअर ऑइलही बदलायचे होते आणि गरम तेल सुटसुटीत निथळते. मग तशाच तापलेल्या हेडमधून जुना प्लग काढला. ॲल्युमिनियम तापले की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. अशा वेळी त्यातला पोलादी प्लग सोडवायला घेणे म्हणजे आट्यांशी भांडण उकरून काढणे, हे मला पुरते माहीत आहे. इतकेच काय, हे मी दुसऱ्यांना सांगतो. नवा प्लग बोटांनी सुरू करायला हवा होता, पण हेडला हात लागत नव्हता, चटके बसत होते. म्हणून प्लग पान्यातच बसवला आणि पान्यानेच फिरवायला लागलो. दोन फेऱ्यांनंतर अडकल्यासारखे वाटले. मी जोर लावला. मग हाताला कुठल्याही मोटरसायकलवाल्याला ओळखता यावी अशी ती भावना झाली: आधी घट्ट, मग आणखी घट्ट, आणि मग एकाएकी मऊ. मला तेव्हाच कळले होते. तरीही मी टोपी चढवली, किक मारली, गाडी सुरू झाली म्हणून स्वतःची समजूत काढली आणि चक्कर मारायला लालबागच्या दिशेने निघालो.

माझे वडील एका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि मग तो संपलाच नाही. वडील पुढे साकीनाक्याला एका लहान कारखान्यात लागले, पण हत्यारांची पिशवी शेवटपर्यंत गिरणीतलीच होती. जाड कॅनव्हासची, तेलाने काळी पडलेली, उचलली की आतून पान्यांचा खळखळाट करणारी. त्यांनी आयुष्यात मोटरसायकल चालवली नाही. १९९७ साली मी ही गाडी जुनी विकत घेतली, तेव्हा त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, हँडलला हात न लावता खाली बसले आणि इंजिनच्या प्रत्येक स्क्रूचे डोके पाहिले. "आधीच्याने चुकीच्या पेचकसाने उघडलंय," एवढाच त्यांचा अभिप्राय. घेणाऱ्याला रंग दिसतो, मीटरवरचे किलोमीटर दिसतात. त्यांना फक्त स्क्रूच्या खाचा दिसल्या, आणि गेल्या मालकाचा स्वभाव त्यांनी त्यावरून ओळखला.

त्यांचा एक नियम होता: आधी बोटं, मग पाना. कुठलाही बोल्ट, कुठलाही नट हाताने जितका जाईल तितका न्यायचा. सुरू करताना आधी हलकेच उलटा फिरवायचा. एका ठिकाणी तो 'टक्' करून किंचित खाली बसतो, म्हणजे आट्याचे तोंड आट्याला मिळाले. तिथून सुलटा फिरवायचा. चिमटीतून निसटेपर्यंत तो सहज गेला पाहिजे. नाही गेला तर काढायचा, पुसायचा, पुन्हा सुरुवात. पान्याची लांबी हाताला बळ देते, पण त्या बदल्यात हाताची जाण घेते, असे ते थोडक्यात आणि जरा रागाने सांगत, कारण सांगण्याची वेळ बहुतेक माझ्यामुळेच येई. प्लगच्या बाबतीत ते शब्दशः खरे आहे. नवा, वॉशर असलेला प्लग बोटांनी टेकेपर्यंत न्यावा आणि पान्याने पुढे फक्त अर्धा ते दोन तृतीयांश फेरा द्यावा. तेवढ्यात वॉशर चेपून बसतो आणि काम संपते. माझ्याकडे आता टॉर्क रेंच आहे. नागदेवी स्ट्रीटवर तीन दुकाने फिरून, घासाघीस करून घेतलेला, निळ्या प्लास्टिकच्या डब्यातला. आवळण्याच्या ठरलेल्या आकड्याला तो 'कट्' असा आवाज करतो. त्या रविवारी तो डब्यात होता, डबा कपाटात होता आणि कपाट सातव्या मजल्यावर.

या नादाला लागलेली माणसे एकमेकांना चटकन ओळखतात. नखांच्या कडेची काळी रेघ साबणाने जात नाही. कपडे धुण्याची पावडर आणि थोडे खोबरेल तेल चोळले तर निम्मी जाते. ऑफिसात सोमवारी फायलीवर हात ठेवताना मी ती रेघ लपवत नाही, उलट थोडी दिसेल अशी काळजी घेतो. यात फुशारकी आहे हे मान्य. माझा एक मित्र येझदीवाला आहे. गिअरचा दांडा आत दाबून मागे फिरवला की त्याचीच किक होते, ही करामत तो येईल त्याला करून दाखवतो. दुसऱ्याकडे कास्ट आयर्न बुलेट आहे आणि तो ठिणगीचे पॉइंट फीलर गेजने तपासत अर्धा रविवार काढतो. सुट्या भागांसाठी आम्ही कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून चोरबाजारापर्यंत हिंडतो. एखाद्या जुन्या डब्यात जपानी शिक्का असलेली एखादी वस्तू मिळाली, तर ती घरी नेऊन आधी टेबलावर ठेवून नुसती पाहायची असते, गाडीला नंतर लावायची. माझ्या पत्नीने एकदा कार्बोरेटर स्वयंपाकघरातल्या ताटात सुटा करून ठेवलेला पाहिला आणि ते ताट मला कायमचे देऊन टाकले. त्या ताटात मी अजूनही जेटमधला कचरा शोधतो: पितळेचे ते इवलेसे स्क्रू, मधोमध केसाएवढे भोक, दिव्याकडे धरले की भोकातून उजेडाचा एक ठिपका येतो. ठिपका गोल दिसला की जेट स्वच्छ. हा ठिपका दिसण्याचा आनंद कुणाला समजावून सांगता येत नाही आणि मी आता प्रयत्नही सोडला आहे.

टू-स्ट्रोकवाल्यांचा आणखी एक सोहळा असे, कार्बन काढण्याचा. तेल पेट्रोलबरोबरच जळते, त्यामुळे पिस्टनच्या डोक्यावर आणि सायलेन्सरच्या आत काजळीचा थर बसत जातो आणि गाडी दम्याच्या रोग्यासारखी चालू लागते. चाळीच्या मागच्या मोकळ्या जागेत वडील आणि मी विटा मांडून, सायलेन्सरमधली जाळीची नळी विस्तवावर धरत असू. आधी दाट पांढरा धूर, मग आतले तेल पेटून नळीच्या भोकाभोकांतून लहान लहान ज्वाळा, आणि शेवटी नळी आपटली की राखाडी पापुद्र्यांचा ढीग. ते आज शहरात कुणी करू नये आणि मीही करत नाही. पण वडील माझ्याशी सलग अर्धा तास बोलले असतील तर ते त्या धुराच्या शेजारी बसून. बोलणे सगळे लोखंडाबद्दल.

माझ्या खोटेपणाचे मूळ मात्र वडिलांपाशी नाही, ते २६ जुलैत आहे. २००५ च्या त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्याकडचे पाणी दुसऱ्या दिवशी ओसरले, तेव्हा इमारतीखालच्या गाड्या चिखलात एकमेकींवर रेललेल्या होत्या. लोक येत, घाईघाईने किक मारत. मी गॅलरीतून ओरडलो की कुणीही किक मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना किक मारली तर पाणी दाबले जात नाही, मग वाकायची पाळी कनेक्टिंग रॉडची येऊ शकते. खाली उतरून आधी माझी गाडी घेतली. प्लग काढला आणि मग हळूहळू किक दाबली, तर भोकातून गढूळ पाण्याचा फवारा थेट माझ्या छातीवर आला. गिअर बॉक्सचा बोल्ट सोडला तेव्हा कटिंग चहाच्या रंगाचे, फेसाळ, मिळून आलेले तेल-पाणी बाहेर पडले. ते निथळवले, स्वस्तातले तेल भरून गाडी थोडी चालवली, तेही काढले, मग चांगले भरले. कार्बोरेटरच्या वाटीत गाळ बसला होता. तीन दिवसांत मी माझी आणि शेजाऱ्यांच्या चार गाड्या उठवल्या. शेवटची, तळमजल्यावरच्या काकांची हिरो होंडा, सुरू झाली तेव्हा काकूंनी वरून सगळ्यांसाठी कांदाभजी पाठवली. गॅरेजवाल्यांकडे तेव्हा आठ-आठ दिवसांच्या रांगा होत्या. त्यानंतर इमारतीत कुणाचीही गाडी कण्हली की 'यांना विचारा' असे होऊ लागले. नोकरीत जे कधी मिळाले नाही ते मला त्या चिखलात मिळाले, आणि ते इतके गोड होते की पुढे वीस वर्षे मी ते जपून वापरत राहिलो.

असा माणूस मिस्त्रींपुढे उभा राहून 'आटे मी खाल्ले' कसे म्हणेल?

मिस्त्रींच्या हातांत जादू असते, असे आमच्यातले बरेच जण डोळे मिटून म्हणतात. मला ते पटत नाही. हेच मिस्त्री अडलेला नट छिन्नी लावून हातोडीने सोडवतात तेव्हा मी तोंड फिरवतो, आणि साइड कव्हरचे स्क्रू नुसत्या अंदाजाने आवळतात हेही मी पाहिले आहे. माझ्या कामात त्यांच्यापेक्षा जास्त स्वच्छता असते, कारण मला एका गाडीसाठी अख्खा रविवार असतो आणि त्यांना दिवसाला दहा गाड्या. पेचकसाचे टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून ते जे ऐकतात ते मला ऐकू येत नाही. यात गूढ काही नाही, त्यांनी तीस वर्षे रोज ऐकले आहे. पण एक फरक असा आहे की तो मला त्या प्रसंगापर्यंत नीट दिसला नव्हता. त्यांचे काम बिघडले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी छातीवर येऊन उभे राहते, चारचौघांत बोलते, आणि ते काम पुन्हा फुकट करावे लागते. माझे बिघडले तर मी गाडीवर कव्हर टाकतो आणि वर जाऊन जेवतो. चूक दाखवायला येणारे कुणी नाही, म्हणून तर हा छंद इतका सुखाचा. आणि जेव्हा कुणीतरी बॅटरी घेऊन थेट त्या भोकात पाहिले, तेव्हा मला एक न जन्मलेला मिस्त्री खोपोलीत बसवावा लागला.

मनातल्या मनात मी त्याला बरेच दिवस पाहत होतो. बोरघाटाच्या पायथ्याशी टायरांचा ढीग, पत्र्याचे छप्पर, कळकट बनियन. आटे खाणारा. शिव्या खाणारा. पंक्चर काढताना मान वर करून तो माझ्याकडे पाही.

भाचा मधूनच माझी समजूत काढतो की हे सगळे आता संपलेच आहे. त्याची गाडी बीएस-६ या प्रदूषणाच्या मानकाची, एप्रिल २०२० नंतरची, कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन असलेली. बिघाड झाला की मीटरमध्ये पिवळा दिवा लागतो आणि दिवा का लागला हे स्कॅनर सांगतो. चांगली गाडी आहे. धूर नाही, किक नाही, पावसात अडत नाही. पण प्लग तिलाही आहे, आणि तो अजून आट्यांवरच बसतो, हे मी त्याला दाखवले.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी पुन्हा लालबागला गेलो, क्लचची केबल घ्यायला. सणाच्या तोंडावर गॅरेजमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पोरगा घासलेटच्या डब्यात पाने धुऊन वर्तमानपत्रावर ओळीने मांडत होता: आठ-नऊ, दहा-अकरा, बारा-तेरा. घरी वडीलही आदल्या रात्री असेच मांडत, आणि पूजेच्या दिवशी त्यांना हात लावू देत नसत. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाच्या गाडीचा बोल्ट बसवायला पोराने पाना उचलला आणि मिस्त्री आतूनच ओरडले, "ए, खोपोली नको!" पोराने पाना ठेवला आणि बोल्ट चिमटीत धरला.

"खोपोली म्हणजे?" मी विचारले. मला खरेच कळले नव्हते.

"आधी हातानं न लावता डायरेक्ट पाना मारला, की खोपोली," पोरगा हसत म्हणाला. "तुमच्याच गाडीवरनं पडलं की साहेब ते. विसरलात?"

म्हणजे चार-पाच महिने त्या गाळ्यात रोज कुणी ना कुणी माझे खोटे उच्चारत होते, आणि त्यातून एक पोरगा नीट काम शिकत होता. मला हसू आले आणि कानही तापले. मी काउंटरपाशी गेलो. "मिस्त्री, खोपोलीत कुणी नव्हतं. तो प्लग मीच लावला होता."

मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले. "कशाला?"

खोटे कशाला की आटे कशाला, ते मला समजले नाही. मी सोपे उत्तर दिले. "घाई होती. इंजिन गरम होतं."

ते काही बोलले नाहीत. मागच्या फळीवरून नवा प्लग काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला आणि धुतलेल्या पान्यांतून प्लगचा पाना उचलून सीटवर टाकला. माझी गाडी तासभर उभी होती. हेड थंड होते. पोराने न सांगता बॅटरी धरली. जुना प्लग काढला: विटकरी-तपकिरी, म्हणजे पेट्रोल-हवेचे मिक्श्चर बरोबर, हे पाहून नको तिथे बरे वाटले. नवा चिमटीत धरून हलकेच उलटा फिरवला. टक्. मग सुलटा, बोटांनी, टेकेपर्यंत; मग पान्याने अर्धा फेरा आणि वर एक नखभर. हात थांबला. मिस्त्री उठून आले, त्यांनी पान्याला एका बोटाने धक्का दिला. तो हलला नाही.

"प्लगचे आणि केबलचे द्या," ते म्हणाले. "मजुरी नाही."

"उस्ताद," बॅटरी बंद करत पोराने विचारले, "मग आता खोपोलीऐवजी नायगाव म्हणायचं का?"

"खोपोलीच राहू दे," मिस्त्री म्हणाले. "नायगावातली गिऱ्हाइकं आहेत आपली."